सांधा सुटल्यानंतरचे वर्ष

मूल हनुवटीवर पडले की जखम दिसते ती हनुवटीवर. दोन-तीन टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन होते आणि मूल घरी येते. पण तो दणका खालच्या जबड्याच्या हाडातून वर, कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचलेला असतो. तिथले हाडाचे बोंड पिचते, सांध्यात रक्त साकळते. दुखते म्हणून मूल तोंड हलवत नाही आणि साकळलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड धरते. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, आईच्या लक्षात येते की घास आत जात नाही. तोवर हनुवटीवरचा व्रण पुसट झालेला असतो आणि त्या पडण्याशी कुणी याचा संबंध लावत नाही. घरचे म्हणतात, दातखीळ बसली. पण धनुर्वाताच्या दातखिळीत स्नायू आखडतात. इथे जबडा कवटीलाच जडलेला असतो. कान फुटून बराच काळ वाहत राहिला, तरी हीच गत होऊ शकते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तोंड उघडत नाही असे म्हटले, की पहिला संशय गुटख्यावर जातो. पाळीवर तोबरा भरणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो, कारण सुपारी-गुटख्याने गालाचे आतले अस्तर चामड्यासारखे ताठर होते. पाच वर्षांच्या मुलाचे तोंड मात्र गुटख्याने बंद झालेले नसते. त्याला घेऊन आईबाप कानाच्या डॉक्टरकडे जातात, मग हाडांच्या, मग दातांच्या. या सांध्याचे शल्यविशारद बहुतेक दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागात बसतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयही त्याच परिसरात आहे. या पट्ट्यातल्या कुटुंबाला उपचारासाठी मुंबई गाठण्याची गरज दर वेळी नसते.

शस्त्रक्रिया कानापुढच्या छेदातून होते. जडलेले हाड कापून साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची फट पाडतात आणि हाडाला पुन्हा हाड भेटू नये म्हणून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पदर किंवा चरबी बसवतात. सांगायला हे सोपे वाटते. पण चेहऱ्याची नस तिथूनच जाते. ती दुखावली तर भुवई उचलत नाही, डोळा नीट मिटत नाही. आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. आणि तोंडच उघडत नसल्याने भूल देणे हीच पहिली परीक्षा असते. श्वासाची नळी नाकातून, बहुधा बारीक दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते.

शस्त्रक्रिया कधी करावी, यावर दोन मते आहेत. थांबा म्हणणाऱ्यांचे म्हणणे फेटाळण्यासारखे नाही. लहान मुलाचे हाड झपाट्याने वाढते, म्हणून कापलेली जागा पुन्हा जडण्याची भीती त्याला जास्त. नंतरचा व्यायाम दुखतो आणि चार वर्षांचे मूल तो मन लावून करत नाही. मग वाढ पुरी झाल्यावर सांधा आणि चेहरा यांचे एकदमच का करू नये?

उत्तर मुलाच्या चेहऱ्यावरच दिसते. खालच्या जबड्याच्या वाढीसाठी तो सांधा हलता लागतो. तो अडला की हनुवटी मागे राहते. दोन्ही बाजू जडल्या तर चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. दात किडतात आणि ते काढायलाही तोंड उघडत नाही. दुधात कालवलेला भात दातांच्या फटीतून बोटाने आत ढकलावा लागतो. वाढीच्या वयातली ही उपासमार वाट पाहण्याच्या पारड्यात कुणी मोजत नाही. अर्थात शस्त्रक्रिया लवकर केली तरी चेहरा आपोआप सरळ होईल, असे वचन कुणी देऊ नये; पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. एवढे सगळे मान्य करूनही आमचे मत लवकर करण्याच्या बाजूचे आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. हनुवटी फार मागे गेली की जीभही मागे सरकते आणि झोपेत श्वास अडतो. मूल रात्रभर घोरते, दचकून उठते, दिवसा पेंगते. अशा रुग्णांत आधी जबडा लांबवावा आणि मग सांधा मोकळा करावा, अशी मांडणी मुंबईच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयातील डॉ. नीलम अंद्राडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केली. हाड कापून त्यावर स्क्रूचे उपकरण बसवायचे आणि रोज साधारण एक मिलिमीटर फिरवायचे. फटीत नवे हाड भरत जाते. यात महिने जातात, तोंड तोवर बंदच राहते आणि खर्च वाढतो. तरीही ज्याचा श्वास रात्री थांबतो, त्याच्यासाठी हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. म्हणून सांधा दाखवायला नेलेल्या आईबापाला डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलेच पाहिजे, आणि नाही विचारले तर आईबापाने सांगितले पाहिजे.

सांध्याच्या जागी काय बसवायचे, हा वाद जुना आहे. अमेरिकी शल्यविशारद कॅबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आखलेल्या उपचारक्रमात बरगडीचा कूर्चेसह तुकडा होता. तो मुलाबरोबर वाढतो, पण कधी कमी, कधी जास्त. त्याचा नेम नाही. धातू-प्लास्टिकचा कृत्रिम सांधा वाढत नाही, म्हणून तो मुख्यतः मोठ्यांसाठी, आणि महाग. बहुतेक मुलांसाठी फट आणि मध्ये स्नायूचा पदर हा साधा मार्ग पुरेसा आहे, कारण यशाचा मोठा वाटा नंतरच्या व्यायामाकडे असतो.

हा व्यायाम शस्त्रक्रियेनंतर लगेच, काही दिवसांतच सुरू करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये घालून रोज एखादी वाढवायची, दिवसातून अनेकदा, मूल रडत असताना. किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पस्तीस मिलिमीटर उघडलेले तोंड व्यायाम सुटला की पुन्हा मिटते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड जाते.

चाकणजवळच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत हे वर्ष कसे निघते ते पाहा. बाप ठेकेदाराकडे, पाळी दर आठवड्याला बदलती. आईही कुठे पॅकिंगला. आजी लातूरला किंवा बिहारमध्ये. तपासणीला पिंपरीला यायचे म्हणजे रस्त्यावरच्या कोंडीतून अर्धा दिवस, आणि अर्ध्या दिवसासाठी पूर्ण खाडा. दोन-तीन खाडे पडले की ठेकेदार दुसरा माणूस लावतो. अशा घराने फेऱ्या सोडल्या तर डॉक्टर केसपेपरवर लिहितात, रुग्ण पुन्हा आला नाही. हा शेरा अन्यायाचा आहे.

शस्त्रक्रियेच्या पैशाची सोय बऱ्याच अंशी झाली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. आयुष्मान कार्ड परराज्यातल्या कुटुंबालाही चालते आणि त्याच्या उपचारयादीत या सांध्याची शस्त्रक्रिया आहे. पण पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचे साधारण दहा-पंधरा दिवस धरलेले असतात, आणि हा आजार वर्ष मागतो. राज्य कामगार विमा योजनेत एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या मुलाचाही उपचार होतो. रजेच्या दिवसांचा रोख लाभ मात्र कामगार स्वतः आजारी असेल तरच. मुलाच्या तोंडात काड्या घालायला थांबलेल्या बापाला तो मिळत नाही.

शस्त्रक्रियेवर एवढा खर्च करून पुढचे वर्ष कुटुंबाच्या नशिबावर सोडणे आम्हाला मान्य नाही. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत आणि जिल्हा परिषदेने चाकण परिसरातल्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक संध्याकाळ या व्यायामाच्या तपासणीसाठी ठेवावी. त्याला मोजपट्टी आणि शिकवलेली एक परिचारिका पुरते. राज्य कामगार विमा महामंडळाने मुलाच्या अशा दीर्घ उपचारासाठी पालकाला वर्षातून काही भरपगारी दिवस द्यावेत. त्यासाठी नियम बदलावा लागेल, तर बदलावा.

आणि पालकांनी एक करावे. मूल हनुवटीवर पडले, टाके पडले, तर टाके घालणाऱ्यालाच कानापुढचा सांधा तपासायला आणि त्याचा एक्स-रे काढायला सांगावे. मोडलेला जबडा फार दिवस बांधून ठेवू देऊ नये. पुढचे काही महिने आठवड्यातून एकदा मुलाला त्याचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला लावावे. ती आत जात नसतील, तर थांबू नये. त्याच आठवड्यात संत तुकारामनगर गाठावे.