दाराशी उभ्या मोटारीचा जमाखर्च

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्यातून रेल्वे गाठायची तर पूर्णा ओलांडून नांदुऱ्यास जावे लागते, कापसाची मोठी पेठ खामगावास आहे, जिल्ह्याची कचेरी राजूर घाट चढून बुलढाण्यास आहे आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावास जावे लागते. त्यामुळे प्रवास ही येथल्या कुटुंबाची नित्याची निकड आहे, आणि त्या प्रवासाचे साधन कोणते असावे हा प्रश्न घरच्या अंदाजपत्रकात बी-बियाणे आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखाल येऊन बसला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकली या दोहोंवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यानंतर तर हा प्रश्न घरोघर अधिक आग्रहाने विचारला जाऊ लागला आहे. आता मोटारच घ्यावी काय, असे जो तो म्हणू लागला असताना, त्या विचाराला आकड्यांचा आधार देणे मला कर्तव्य वाटते.

आपल्याकडे वाहनाची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : अ‍ॅव्हरेज किती देते? या प्रश्नाची सवय आपल्याला लागली तिलाही इतिहास आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न पडू लागले. परंतु खेड्यातल्या माणसाचे जीवन पालटले ते १९८५ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ने आणि तिच्यामागून आलेल्या शंभर सीसीच्या असंख्य मोटारसायकलींनी. थोड्या पेट्रोलात दूर नेणारे हे यंत्र शेतकऱ्याला, शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि दूधवाल्याला सारखेच परवडले, आणि तेव्हापासून लिटरला किती किलोमीटर हाच वाहनाच्या गुणवत्तेचा एकमेव मानदंड होऊन बसला.

त्याच मानदंडाने आरंभ करू. पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये धरला, मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर आणि लहान मोटार १८ किलोमीटर चालते असे मानले, तर इंधनाचा खर्च मोटारसायकलीला किलोमीटरमागे पावणेदोन रुपये आणि मोटारीला पाच रुपये ८३ पैसे येतो. यावर मोटारीचा कैवारी म्हणेल की मोटारीत चार माणसे बसतात, तेव्हा माणशी हा खर्च दीड रुपयाच्या आतच येतो. आणि ते खरेच आहे. परंतु मोटारसायकलीवर दोघे बसले तर माणशी नव्वद पैसेही पडत नाहीत, म्हणजे चौघांचे कुटुंब दोन मोटारसायकलींवरून निघाले तरी साडेतीन रुपयांत काम भागते. पेट्रोलपुरते पाहिले तर निकाल स्पष्ट आहे. मात्र फरक चार-दोन रुपयांचाच दिसतो, आणि उन्हापावसापासून संरक्षणासाठी एवढे मोजायला काय हरकत आहे, असे सहज मनात येते. येथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो, आणि खरा खर्च तर येथूनच पुढे सुरू होतो.

सहा लाखांची मोटार घेतली, त्यांपैकी पाच लाख बँकेकडून नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर उचलले, तर दरमहा सुमारे १०,३८० रुपयांचा हप्ता पडतो आणि मुदतीअखेर मुद्दलाखेरीज सव्वा लाखाच्या घरात व्याज भरले जाते. दहा वर्षांनी ती मोटार दोन लाखांना विकली गेली असे उदारपणे धरले, तरी चार लाखांची घट झाली, म्हणजे वर्षाला चाळीस हजार. व्याजाची वाटणी केली तर वर्षाला आणखी बारा हजार. आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वीस हजार. ही ७२,००० रुपयांची वार्षिक रक्कम मोटार दाराशी उभी राहिली तरी बहुतांशी द्यावीच लागते, कारण दावणीला बांधलेला बैल नांगराला जुंपला नाही म्हणून वैरण खायचा थांबत नाही. तालुक्यातल्या सामान्य कुटुंबाची मोटार वर्षाला सहा हजार किलोमीटर धावली, तर किलोमीटरमागे या स्थिर खर्चाचे बारा रुपये होतात आणि पेट्रोल मिळवून एकूण आकडा अठरा रुपयांशी जाऊन भिडतो.

याच रीतीने मोटारसायकलीचा ताळेबंद मांडला, तर ८५,००० रुपयांना रोखीने घेतलेली गाडी दहा वर्षांनी पंधरा हजारांना गेली असे धरून वर्षाला सात हजारांची घट येते, आणि विमा, ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट व पंक्चर यांचे पाच हजार मिळवून बारा हजार होतात. मोटारसायकल रोजच्या रोज वापरात असते म्हणून तिची वर्षाची धाव दहा हजार किलोमीटर धरली, तर स्थिर खर्च सव्वा रुपयाच्या आत आणि पेट्रोलसह एकूण खर्च तीन रुपयांच्या आत राहतो. सरकारी आकारणीचे प्रमाणही असेच आहे : २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार त्रयस्थ पक्षाचा वार्षिक विमा ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस ७१४ रुपये, तर हजार सीसीपर्यंतच्या मोटारीस २,०९४ आणि त्यापुढे पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे; पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना दुचाकीला एक हजार आणि मोटारीला पाच हजार रुपये शुल्क पडते; आणि राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर दुचाकीला टोल नाही. पेट्रोलपंपावर तिप्पट-सव्वातिप्पट वाटणारा खर्चातला फरक संपूर्ण जमाखर्चात सहापट होतो, हे ध्यानी धरावे.

या आकड्यांहूनही आपल्या तालुक्याला अधिक लागू पडणारी गोष्ट उत्पन्नाच्या स्वरूपाची आहे. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या घरात पैसा येतो तो हंगामाला, दिवाळीच्या मागेपुढे, आणि तोही पाऊस व बाजारभाव यांच्या मर्जीने. बँकेचा हप्ता मात्र ज्येष्ठ-आषाढातही त्याच तारखेला उभा राहतो, नेमका त्या दिवसांत जेव्हा बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी घरातली शिल्लक रिकामी झालेली असते. २०२३ च्या जुलैत अतिवृष्टीने या तालुक्यातील शेते खरवडून नेली, तेव्हा बँकेचे हप्ते काही त्या पाण्याबरोबर वाहून गेले नाहीत. पगारदाराला जो हप्ता सोसतो, तोच शेतकऱ्याला सावकाराच्या दारापर्यंत नेऊ शकतो, हा भेद वाहन-कर्जाच्या जाहिरातीत कोठेही सांगितला जात नाही.

मग मोटारीची गरजच नाही काय? आहे, आणि ती नाकारणे निष्ठुरपणाचे होईल. लग्नकार्य, बाळंतीण, वृद्ध आईवडील, मुसळधार पाऊस आणि वैशाखातले वऱ्हाडी ऊन, यांपुढे मोटारसायकल असमर्थ आहे. त्यातून आपला तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातला. मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेली माणसे येथे आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात गावोगाव आहेत, आणि डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास करणाऱ्या अशक्त रोग्याला मोटारसायकलीच्या मागच्या बैठकीवर बसविणे हा त्याचा छळ आहे. परंतु गरज असणे वेगळे आणि मालकी असणे वेगळे. चालकासह भाड्याने घेतलेली गाडी किलोमीटरला बारा ते पंधरा रुपयांना मिळते, म्हणजे वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या स्वतःच्या मोटारीपेक्षा ती स्वस्तच पडते. शिवाय तिचा विमा, तिची घट आणि तिची दुरुस्ती आपल्या माथी नसते. ज्याला व्यवसायानिमित्त वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरावे लागते, त्या डॉक्टरचा किंवा व्यापाऱ्याचा स्थिर खर्च किलोमीटरमागे साडेतीन-चार रुपयांवर येतो आणि त्याला स्वतःची मोटार खुशाल परवडते. इतरांनी मोटार घेण्यापूर्वी आपली वर्षाची धाव कागदावर मांडून पाहावी.

तथापि मोटारसायकलीच्या बाजूने एवढे लिहिल्यावर तिच्या खात्यावरील सर्वांत मोठी रक्कम लपविणे अप्रामाणिकपणा ठरेल. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. घरचा कर्ता पुरुष गेला, किंवा डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळला, तर दहा वर्षांची सारी बचत एका आठवड्यात इस्पितळाच्या देयकात जाते आणि कुटुंब उघडे पडते. एका दुचाकीवर नवराबायको आणि दोन लेकरे घेऊन नांदुऱ्याचा रस्ता धरणे ही काटकसर नाही, ती जोखीम आहे. आणि हजार-बाराशे रुपयांचे हेल्मेट हा मोटारसायकलीच्या किमतीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

राहता राहिली आपली एसटी. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्याला सुमारे दहा रुपये आहे, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवासच मोफत आहे. दोन पुरुष व दोन स्त्रिया यांचे कुटुंब एसटीने निघाले, तर किलोमीटरला पाचच रुपये लागतात, म्हणजे मोटारीच्या नुसत्या पेट्रोलपेक्षाही कमी. असे असूनही लोक एसटी सोडून कर्ज काढतात, याचे कारण त्यांना हिशेब येत नाही हे नसून गाडी वेळेवर येईल याची हमी नाही हे आहे. २०२१-२२ च्या दीर्घ संपात ज्यांनी नाइलाजाने दुचाकी घेतली, ते पुन्हा थांब्यावर परतावेत यासाठी फेऱ्या वाढविणे आणि त्या नेमाने चालविणे एवढाच उपाय आहे. तालुक्याच्या गावी आगार असताना सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी वस्त्यांनी काळीपिवळीच्या टपावर बसून यावे, ही स्थिती कोणत्याही लोकप्रतिनिधीला भूषणावह नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा : रोजच्या कामाला एक मोटारसायकल, तीवर दोनच माणसे आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, कुटुंबाच्या प्रवासाला एसटी, आणि आजारपणाला व कार्याला भाड्याची मोटार. हप्त्याचा पैसा वाचेल तो विहिरीला, ठिबकाला किंवा लेकीच्या शिक्षणाला लावावा. मोटारीच्या कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी वाचकांनी घरातल्या सर्वांना जवळ बसवून वर दिलेला हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा मांडून पाहावा, एवढीच विनंती.