यंत्रमाग कुणासाठी चालतो?

जुने साधे यंत्रमाग भंगारात काढा आणि त्यांच्या जागी धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग बसवा, हा उपदेश मालेगावच्या विणकरांना गेली अनेक वर्षे केला जात आहे. वस्त्रोद्योगातील तंत्रज्ञान सुधारण्यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये कर्जसवलतीची योजना सुरू केली, तेव्हापासून 'आधुनिकीकरण' हा या व्यवसायातला परवलीचा शब्द झाला. आधुनिकीकरणाला आमचा विरोध नाही. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि सुताच्या धुळीत माणसाने आयुष्य काढावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु यंत्र बदलले की माणसाचे जीवन आपोआप बदलते, हा समज मालेगावच्या नव्वद वर्षांच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. नवे यंत्र दारात येत असताना नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तो इतिहास पुन्हा एकदा नजरेखालून घातला पाहिजे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांच्या दडपशाहीने आणि उपासमारीने उत्तरेतील मोमीन विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. त्यांतील अनेक मोसम नदीच्या काठी मालेगावात स्थिरावली. त्यांच्या हातमागावर रंगीत लुगडी विणली जात. घरातल्या बायका-मुलांनी कांड्या भरायच्या, ताणा लावायचा आणि कर्त्या पुरुषाने मागावर बसायचे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात दारिद्र्य होते, सावकार होता, बायका-मुलांच्या श्रमाला मोलही नव्हते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण किती वेळ मागावर बसायचे आणि कधी उठायचे, हे विणकर ठरवू शकत होता.

१९३५ च्या सुमारास विजेवर चालणारे माग मालेगावात आले आणि पुढच्या काही दशकांत त्यांनी हातमागांची जागा घेतली. एका विणकराकडे एक माग असे, तिथे एक कामगार चार, सहा, आठ साचे सांभाळू लागला. कापडाचे उत्पादन कितीतरी पटींनी वाढले. मग कामगाराचा दिवस तितक्या प्रमाणात लहान व्हायला नको होता काय? झाले नेमके उलटे. यंत्राला थकवा नसतो आणि बंद पडलेल्या यंत्रावर भांडवलाचे व्याज मात्र चढत राहते. म्हणून बारा बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या. मजुरी मीटरवर ठरली. सण, आजारपण, वीज जाणे, सुताचा तुटवडा या सगळ्यांचा तोटा मजुराच्या अंगावर पडला. शहराची झोप, जेवणाच्या वेळा, चहाच्या हॉटेलांतली वर्दळ, सारे पाळीच्या भोंग्याला बांधले गेले. साचे थांबतात तो शुक्रवार एवढाच काय तो शहराचा स्वतःचा दिवस उरला. बायकांच्या वाट्याला मात्र पूर्वीच्याच कांड्या आल्या; फरक इतकाच, की आता त्या दुसऱ्याच्या साच्यासाठी, नगावर भरायच्या.

हे अटळ होते, असे मानण्याचे कारण नाही. यंत्राच्या प्रश्नावर या देशात पुष्कळ विचार झाला आहे आणि त्यातला एक धागा थेट नाशिकला येऊन मिळतो. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे प्रभृतींच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना साकार झाली आणि १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला. त्याच अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखालील यंत्रमाग चौकशी समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला आणि रंगीत साड्या हातमागासाठी राखून ठेवाव्यात, अशी शिफारस केली. तत्पूर्वी १९५४ मध्ये कानुनगो समितीने हातमागांचे टप्प्याटप्प्याने यंत्रमागांत रूपांतर करण्याचा सल्ला दिला होता. तर १९५५ मध्ये प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने रोजगाराला अग्रक्रम देऊन गिरण्यांची विणाईची क्षमता वाढू देऊ नये, असे सुचवले होते. १९८५ मध्ये हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा झाला. बावीस वस्तू राखीव झाल्या. पुढे त्यांची संख्या अकरावर आणली गेली.

या साऱ्या धोरणांत एक प्रश्न मात्र राहून गेला. कोणत्या मागावर काय विणायचे, याचा खल झाला. माग चालवणाऱ्याचे दिवसाचे तास किती, सूत कुणाचे, बाजार कुणाचा, याचा निर्णय कुणीच केला नाही. परिणामी हातमागाचा गरीब विणकर आणि यंत्रमागाचा गरीब मजूर एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि दोघांनाही सूत विकणारा व दोघांचेही कापड विकत घेणारा व्यापारी बाजूला सुरक्षित राहिला.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात अध्यक्षपदावरून लहान यंत्राचा विचार मांडला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनीही एकच अवाढव्य यंत्र स्वीकारले आहे. दाट लोकवस्तीच्या आणि अपुऱ्या भांडवलाच्या देशाला ते परवडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरवर पाहता मालेगावचा यंत्रमाग हे त्या लहान यंत्राचे चालतेबोलते उदाहरण वाटेल. तो एका खोलीत मावतो, थोड्या भांडवलात उभा राहतो, गल्लोगल्ली विखुरलेला असतो. मग त्यातून समता का आली नाही? कारण लोहियांच्या विचाराला दुसरा पाय होता. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर सत्ता वाटली गेली पाहिजे, हा चौखंबा राज्याचा आग्रह त्याच विचारातला होता. देशाने यंत्र लहान केले, सत्ता मात्र वाटली नाही. सुताचा भाव, कापडाचा भाव, विजेचा दर आणि कर्जाचे व्याज या चारही गोष्टी मालेगावच्या बाहेर ठरत राहिल्या. त्यामुळे आठ-बारा साच्यांचा मालकही पुष्कळदा नावाचाच मालक असतो. व्यापाऱ्याचे सूत घ्यायचे, मजुरीने विणून द्यायचे आणि त्या मजुरीतून उरेल ते कामगाराला द्यायचे, एवढेच त्याच्या हाती राहते.

विखुरलेले यंत्र भांडवलाला कसे सोयीचे पडते, हे १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपाने दाखवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या थांबल्या, पण कापड थांबले नाही. भिवंडीसारख्या केंद्रांतील यंत्रमागांवर ते विणले जात राहिले. गिरणीत कामगाराला हजेरीपट होता, भविष्यनिर्वाह निधी होता, संघटना होती. यंत्रमागाच्या शेडमध्ये यांपैकी काहीच नव्हते. गिरणी कामगाराचा पराभव आणि यंत्रमाग मजुराचे शोषण या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

कायद्याची कथाही अशीच. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली, तेव्हा एकाच शेडचे कागदोपत्री अनेक तुकडे करण्याची युक्ती निघाली. २०२० च्या श्रमसंहितेने तर ती मर्यादाच वीसवर नेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत साचे थांबले, तेव्हा मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाचे उत्पन्न त्याच दिवशी संपले. आपण कोणाचे कामगार आहोत, हे सिद्ध करणारा कागद बहुतेकांच्या हाती नव्हता.

याच शहराने यंत्राशी दुसरे नातेही जोडून दाखवले आहे. व्हिडिओ कॅमेरा स्वस्त झाला तेव्हा मालेगावच्या तरुणांनी तो हाती घेतला. नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये सुपरमॅन झालेला नट स्वतः यंत्रमागावर मजुरी करणारा होता. हे केवळ कौतुकाचे प्रकरण नव्हे. कॅमेरा त्यांचा होता, गोष्ट त्यांची होती, वेळही त्यांचा होता, म्हणूनच त्या यंत्रातून शहराला स्वतःचे हसू सापडले. साच्यावरचा तोच मजूर मुका असतो, कारण साचा त्याचा नाही आणि वेळही त्याचा नाही.

आता नव्या यंत्राचा हिशेब मांडू. धोट्याचा साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा बाणा फेकतो. हवेच्या झोताने चालणारा माग सहाशेहून अधिक वेळा. वाढलेल्या उत्पादनाचा वाटा कामगाराला वेळेच्या रूपाने मिळालाच पाहिजे. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या, रोजची मजुरी तीच ठेवून, सुरू केल्या तर जिथे दोन कामगार राबतात तिथे तिघांना काम मिळेल आणि प्रत्येकाला दिवसाचे चार तास परत मिळतील. हे न करता नवे माग आले, तर रोजगार घटेल आणि उरलेल्यांचा दिवस पूर्वीइतकाच लांब राहील.

त्यासाठी तीन मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. पहिली, १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर यंत्रमाग कामगारांचे नोंदणी मंडळ. मालक बदलत राहतात, काम विखुरलेले असते, म्हणून संरक्षण देता येत नाही, हे म्हणणे त्या कायद्याने महाराष्ट्रातच खोटे ठरवले आहे. दुसरी, आधुनिकीकरणाचा सरकारी पैसा लहान मालकांच्या आणि कामगारांच्या सहकारी संस्थांना आधी मिळावा आणि आठ तासांच्या पाळीची अट त्याला जोडलेली असावी. इचलकरंजीच्या विणकरांनी सहकारी सूतगिरण्या उभारल्या. मालेगावला सुताची सहकारी पेढी अशक्य का असावी? तिसरी, विजेचा कारभार. २०२० मध्ये मालेगावचे वीजवितरण फ्रॅन्चायझी पद्धतीने खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आले. ज्या शहराचा श्वासच विजेवर चालतो, त्याच्या नगरप्रतिनिधींना या कारभारात निर्णायक आवाज असला पाहिजे.

निहाल अहमद यांच्यासारख्या समाजवाद्याला मालेगावने वर्षानुवर्षे विधानसभेत पाठवले, त्यामागे या विचाराविषयीचा विश्वास होता. तो विश्वास सभांतील आठवणींवर टिकणार नाही. नवा माग ज्या शेडमध्ये बसेल, त्या शेडच्या दाराशी कार्यकर्त्याने उभे राहावे आणि आत जाणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: तुमचे नाव कुठल्या वहीत आहे, तुमची पाळी किती तासांची, आणि या यंत्राने वाचवलेला वेळ कुणाच्या पदरात पडला? या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत मालेगावातील आपले काम संपलेले नाही.