बाटलीतला आइस टी : नाव चहाचं, पण साखर किती?

‘चहा’ हा शब्द कशाला लावायचा, याचा खुलासा २४ डिसेंबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने केला. कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे आपल्या नेहमीच्या चहाच्या झाडापासून बनलेल्या पदार्थालाच पाकिटावर ‘टी’ म्हणता येईल. रुइबॉस, फुलं किंवा औषधी वनस्पती यांची पेयं ‘टी’ म्हणून विकणं ही ग्राहकाची दिशाभूल समजली जाईल. (घरी आपण गवती चहा म्हणत राहूच, त्याला कायद्याची आडकाठी नाही.)

नियम योग्यच आहे. पण दवाखान्यात बसून पाहिलं तर रुग्णाचा प्रश्न त्याने सुटत नाही. बाटलीतल्या आइस टीमध्ये चहाचा अर्क असतो, त्यामुळे तो या परीक्षेत सहज पास होतो. आणि ‘चहा’ हे नाव ऐकूनच माणूस निर्धास्त होतो. “कोल्ड्रिंक कधीच बंद केलं डॉक्टर, आता आइस टी घेतो,” हे वाक्य मधुमेहाच्या रुग्णांकडून मी अनेकदा ऐकतो. नाव खरं असलं म्हणून पेय हलकं ठरत नाही.

बाटली उलटी करून मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या किंवा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे, म्हणजे जे जास्त ते आधी. गोड आइस टीच्या बऱ्याच बाटल्यांवर पाणी पहिलं आणि साखर दुसरी असते. चहाच्या अर्काचा नंबर बराच खाली लागतो.

त्याच्या शेजारी पोषणमूल्यांचा तक्ता असतो. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार त्यात ‘टोटल शुगर’ आणि ‘ॲडेड शुगर’ वेगवेगळी द्यावी लागते. चहाच्या पानात स्वतःची साखर जवळजवळ नसतेच, त्यामुळे इथली गोडी बहुतेक वरून घातलेली असते. आकडे सहसा १०० मिलिलिटरचे असतात आणि घोळ इथेच होतो. समजा तिथे ७ ग्रॅम लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटतं, सातच तर आहे. पण बाटली ३५० मिलिलिटरची असेल तर साखर झाली साडेचोवीस ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे. घरच्या कपात कोणी पाच चमचे साखर घालू लागलं तर आपण त्याचा हात धरू.

तक्त्यात टक्केवारीही असते. ती दिवसाला ५० ग्रॅम ॲडेड शुगर धरून काढलेली असते आणि ‘एका सर्व्हिंग’ची असते. सर्व्हिंग २०० मिलिलिटरची ठरवली असेल, तर वरच्या उदाहरणात २८ टक्के दिसतील. अर्धी बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवणारे लोक मी फारसे पाहिलेले नाहीत. पूर्ण बाटलीचे होतात ४९ टक्के. शिवाय जागतिक आरोग्य संघटना २,००० कॅलरींच्या आहारात साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. २५ चा हिशेब धरला तर ही एक बाटली म्हणजे दिवसभराचा कोटा.

हे सगळं मागच्या बाजूला, बारीक अक्षरात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. लेबलची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की नियम पुरा होतो, मराठी ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या आजींची साखर वाढलेली आहे, त्यांना बाटलीवरचं लिंबाचं चित्र तेवढं वाचता येतं. साखरेची माहिती पुढच्या बाजूला आणण्याची चर्चा मात्र लांबतच चालली आहे. २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा आला. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट यांचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला एफएसएसएआयने मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखरेच्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन असतो. वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो. मला तारांपेक्षा तसा इशारा पटतो. तारे दिसले की माणसाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटींवर लोक आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

‘शुगर फ्री’ लिहायचं तर १०० मिलिलिटरमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘लो शुगर’साठी मर्यादा अडीच ग्रॅम आहे. ‘कमी साखर’ असा तुलनेचा दावा असेल तर कशापेक्षा कमी, ते आधी शोधा. शून्य साखरेच्या बाटलीत गोडी येते ती सुक्रालोज (आयएनएस ९५५) किंवा ॲस्पार्टेम (९५१) यांसारख्या पदार्थांमुळे. गोड आइस टीपेक्षा मधुमेहींना ती बरी, पण घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर उतरून घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर ही बाटली काही कामाची नाही. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

दुसरी गल्लत जुलाबात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि मोजून घातलेले क्षार असतात. वरच्या उदाहरणातल्या आइस टीत लिटरला ७० ग्रॅम साखर होते. एवढ्या साखरेने आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढू शकतात, विशेषतः लहान मुलांचे. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायची मुभा एफएसएसएआयने १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने काढून घेतली, ती याच काळजीपोटी. ‘लेमन’ लिहिलेली बाटली म्हणजे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी नव्हे.

रक्त कमी असल्याने लोहाची गोळी चालू असेल तर ती आइस टीबरोबर घेऊ नका. चहातलं टॅनिन लोहाचं शोषण कमी करतं, मग चहा गरम असो की थंड. किडनीच्या ज्या रुग्णांना फॉस्फरसचं पथ्य आहे, त्यांनी घटकांमध्ये आयएनएस ३३८ ते ३४१ हे क्रमांक शोधावेत. ही फॉस्फोरिक ॲसिड आणि फॉस्फेटची मंडळी. फॉस्फरस किती, हे तक्त्यात देण्याची सक्ती नाही, त्यामुळे क्रमांक दिसला तर ती बाटली ठेवून द्यावी.

लेबलवर साखरेचा आकडाच नसेल, किंवा दावा एक आणि तक्ता दुसरंच सांगत असेल, तर बाटलीच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा. एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बिल जपून ठेवा, आणि लेबलवरचा चौदा आकडी परवाना क्रमांक फोटोत स्पष्ट दिसतोय ना, तेवढं बघा.