विधवेचे केशवपन आणि नाभिकांचा नकार

१/३ केशवपनाविषयी आपण एका दिवसाचा आघात म्हणून वाचतो. परंतु केस पुन्हा वाढतात. म्हणून ब्राह्मण विधवेच्या दारी नाभिक वारंवार येई. डोक्यावरून आलवणाचा पदर, मंगलकार्यात मज्जाव, हे तर नित्याचेच.

२/३ ही रूढी जशी धर्मवचनांवर, तशीच वस्तऱ्यावरही उभी होती. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्यात त्यांची स्वतःची मिळकत पणाला लागली होती.

३/३ त्या सभेने रूढी लगेच संपली नाही. तरीही माझे मत असे, की स्त्रीसुधारणेच्या इतिहासात ग्रंथकर्त्या सुधारकांच्या शेजारी या नाभिकांनाही स्थान मिळावे. पाठ्यपुस्तकांत त्यांच्यासाठी निदान एक परिच्छेद हवा.