जागरण आणि दाढेचा ठणका

दाढ दुखत होती म्हणून रात्रभर झोप लागली नाही, ही तक्रार दंतवैद्याला रोज ऐकावी लागते आणि ती खरीही असते. मात्र या दोन गोष्टींत उलट दिशेनेही कार्यकारणसंबंध आहे: अपुरी किंवा वारंवार मोडणारी झोप दातांचे नुकसान वाढवू शकते आणि झालेल्या नुकसानाची वेदना अधिक तीव्र करते. हा संबंध सहसा विचारातच घेतला जात नाही. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची नोंद होते. माणूस किती वाजता झोपतो आणि त्याआधी शेवटचे काय खातो-पितो, हे क्वचितच विचारले जाते.

सुरुवात लाळेपासून करावी लागेल. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दाताच्या पृष्ठभागावरील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळेतील बायकार्बोनेट त्या आम्लाचा जोर मोडते, आणि तिच्यातीलच कॅल्शियम-फॉस्फेट सुरुवातीची झीज काही अंशी भरून काढते. जागेपणी, काही खात नसतानाही, मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर लाळ स्रवत असते. झोपेत हा स्राव जवळजवळ थांबतो. म्हणजे अगदी निरोगी माणसाच्या तोंडातही रात्र हा संरक्षणाचा सर्वांत दुबळा काळ असतो, आणि तो निभावून जातो याचे मुख्य कारण एवढेच की झोपलेला माणूस काही खात नाही.

जागरणाने नेमकी हीच अट मोडते. लाळेच्या स्रावाला स्वतःची दैनिक लय असल्याने रात्री जागे राहिले तरी तो दुपारच्या पातळीवर येत नाही, आणि अशा वेळी गोड चहा, बिस्किटे, पुन्हा चहा असा क्रम चालू राहतो. दंतक्षयाच्या दृष्टीने साखरेच्या एकूण मात्रेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती किती वेळा तोंडात येते याला आहे. प्रत्येक घोटाबरोबर सामू घसरतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ घेतो. एमआयडीसीतील तिसरी पाळी, रुग्णालयातील रात्रपाळी किंवा अमेरिकी घड्याळाप्रमाणे चालणारे हिंजवडीतील काम, या सर्वांत हा क्रम सवयीचा होतो. डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखूचा बार धरला जातो, तेव्हा त्या जागची हिरडी मागे सरकू शकते आणि उघडे पडलेले मूळ, ज्यावर इनॅमलचे आवरणच नसते, इनॅमल विरघळवणाऱ्या आम्लाहून सौम्य आम्लातही विरघळते.

पुरेसे तास अंथरुणात घालवणारेही यातून सुटत नाहीत. घोरणारा, विशेषतः झोपेत श्वास अडखळणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि उरलीसुरली लाळही वाळते. झोप यावी म्हणून परस्पर घेतल्या जाणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या पिढीतील गोळ्या तोंड आणखी कोरडे करतात.

झोपेत दात खाणे हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. जंतांशी त्याचा संबंध जोडण्याची आपल्याकडची समजूत चिवट असली, तरी झोपेच्या नोंदींत दिसते ते वेगळेच: मेंदू काही क्षण अर्धवट जागृतीकडे सरकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयबद्ध आवळतात. असे प्रत्येक आवळणे दाताला इजा करतेच असे नाही. मात्र भेगाळलेल्या किंवा मोठे फिलिंग असलेल्या दाढेवर हा भार रोज पडत राहिला, तर तिचा तुकडा उडण्याची शक्यता वाढते. रात्री दातांवर बसवायचा नाइट गार्ड दात वाचवतो; झोप का मोडते, या प्रश्नाला तो हात लावत नाही. हिरड्यांच्या आजाराबाबत मात्र सावधपणे बोलायला हवे: कमी झोपेने शरीरातील दाहकारक द्रव्ये वाढतात हे दिसले असले, तरी धूम्रपान, मधुमेह आणि ताण यांचे परिणाम त्यातून वेगळे काढणे अवघड आहे.

वेदनेची बाजू अधिक स्पष्ट आहे. २०१९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की एका रात्रीच्या संपूर्ण जागरणानंतर मेंदूतील संवेदना नोंदवणारा भाग वेदनेला अधिक तीव्र प्रतिसाद देतो, तर तिचे मूल्यमापन व नियमन करणाऱ्या काही भागांचा प्रतिसाद मंदावतो. हा प्रयोग पायावर उष्णता देऊन केलेला होता, परंतु दाताची वेदनाही अखेर मेंदूतच उमटते. त्यात दाताची रचना भर घालते. दाताच्या गाभ्यातील पल्प कठीण भिंतींत बंदिस्त असतो, दाह झाला तरी त्याला फुगायला जागा नसते, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढला की ठणका उसळतो. वेदनेने झोप जाते, झोप गेल्याने दुसऱ्या दिवशी तीच कीड अधिक दुखते.

हे चक्र बहुधा मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळीने तोडले जाते, आणि खरा धोका मला इथे दिसतो. गोळीने रुग्ण झोपतो, पल्पमधील दाह मात्र पुढे सरकत राहतो. काही काळाने पल्प मृत होतो आणि ठणका थांबतो; थकलेला माणूस याचा अर्थ दाढ बरी झाली असा घेतो, रूट कॅनॉलसाठी घेतलेली वेळ रद्द करतो. मृत पल्पमध्ये रक्तप्रवाह नसल्याने तोंडावाटे घेतलेले अँटिबायोटिक तिथे पोहोचत नाही, आणि संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. बहुतेकांत तो तिथेच, गळूच्या रूपात, बराच काळ दबून राहतो. थोड्यांच्या बाबतीत, विशेषतः मधुमेह आटोक्यात नसेल तर, खालच्या दाढेखालचा पू जिभेखालच्या आणि गळ्याच्या पोकळ्यांत पसरतो, सूज श्वासमार्गावर दाब आणते, आणि मग दातावरच्या उपचाराआधी श्वास चालू ठेवण्याची व्यवस्था करावी लागते.