नागपूरचा मान आणि मुंबईचा अर्थसंकल्प

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या विधानभवनाची रंगरंगोटी होते, रविभवन व आमदार निवास गजबजतात आणि राज्याचे मंत्रिमंडळ लवाजम्यासह तेथे दाखल होते. बख्त बुलंद शाह आणि भोसले यांच्या या नगरीला हा वार्षिक मान प्रिय असावा, यात नवल नाही. १८६१ पासून मध्य प्रांताची व पुढे जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या शहराने १९५६ मध्ये ते पद गमावले. अधिवेशन ही त्याची भरपाई मानली गेली.

वस्तुतः २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराला सोहळा अभिप्रेत नव्हता. विदर्भातील जनतेशी राज्यकर्त्यांचा निकट संपर्क राहावा, यासाठी शासनाने दरवर्षी ठरावीक काळ आपला मुक्कामच नागपुरास हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे व्हावे, असे त्यात नमूद होते. मुक्काम अधिवेशनाच्या मोजक्या दिवसांपुरता उरला. २०२० व २०२१ मध्ये तोही झाला नाही. टेकडी मार्गावर पोलिसांनी अडविलेले मोर्चे हाच संपर्क समजावयाचा असेल, तर गोष्ट वेगळी!

खरी मेख अन्यत्र आहे. हिवाळी अधिवेशनात येतात त्या पुरवणी मागण्या. वर्षाच्या पैशाची वाटणी ठरते ती मुंबईतील अर्थसंकल्पी अधिवेशनात. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमान्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, परंतु ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. त्याच वर्षी अधिवेशनही मुंबईत झाले, आणि ओरड झाली ती मुख्यतः अधिवेशनाची.

नागपूर वाढले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २४ लाखांवर गेली. पुढे मेट्रो आली. तथापि शहर फुगणे म्हणजे प्रदेश वाढणे नव्हे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेला गोसीखुर्द प्रकल्प तीन दशकांतही पूर्ण झाला नाही.

करारातील संपर्काला अर्थ द्यावयाचा, तर पुढील वर्षाच्या निधीचे प्रादेशिक वाटप डिसेंबरातच नागपूरच्या सभागृहापुढे चर्चेस ठेवता येईल. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव त्या सुमारास चालू असतेच. त्यासाठी नवा कायदाही नको.