निकाल मैदानावर लागावा, बंद दाराआड नव्हे

खेळातील न्यायाची पहिली अट अशी की, नियम डाव सुरू होण्यापूर्वी ठरलेला असावा आणि डाव रंगात आल्यावर तो कोणाच्याही सोयीसाठी वाकविला जाऊ नये. ही अट इतकी साधी आहे की, ती मुद्दाम सांगण्याची पाळी यावी याचेच सुज्ञ वाचकांस नवल वाटेल. तथापि क्रीडासंघटनेच्या बाबतीत स्वतःस अग्रेसर म्हणविणाऱ्या अमेरिकेत, महाविद्यालयीन फुटबॉलच्या अजिंक्यपदासाठी संघ कोणत्या कसोटीवर निवडावेत, हा वाद पिढ्यान्पिढ्या चालू आहे. विद्वान विद्यापीठे, निष्णात प्रशिक्षक आणि अब्जावधी डॉलर हाताशी असूनही तो मिटलेला नाही. त्याचे कारण शोधू गेल्यास ते त्या खेळापुरते मर्यादित नाही, असेच दिसून येईल.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हाती धरून धावावयाचे, फेकावयाचे आणि प्रतिस्पर्ध्यास अंगावर घेऊन अडवावयाचे असते. खेळ अंगमोडीचा असल्यामुळे एका हंगामात एका संघाच्या वाट्यास साधारण बाराच सामने येतात. वरिष्ठ श्रेणीतील विद्यापीठांची संख्या मात्र १३० हून अधिक! ती निरनिराळ्या गटांत विभागलेली असून बहुतेक सामने गटातल्या गटातच होतात. साहजिकच एका गटाच्या विजेत्याची दुसऱ्या गटाच्या विजेत्याशी गाठ पडेलच असे नाही. कोणाचे प्रतिस्पर्धी बलाढ्य, तर कोणाचे लेचेपेचे. बारा विजय मिळविणारा मोठा, की बलाढ्यांशी झुंजून दहा विजय मिळविणारा मोठा, या प्रश्नास केवळ बेरीज-वजाबाकीने उत्तर मिळत नाही. ही अडचण खरी आहे; ती नाकारून कोणतीही सूचना करणे पोरकटपणाचे ठरेल.

या अडचणीतून मार्ग काढण्याचे आजवरचे प्रयत्न पाहण्यासारखे आहेत. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मते घेऊन क्रमवारी जाहीर करू लागली. १९५० मध्ये प्रशिक्षकांचा स्वतंत्र कौल सुरू झाला. म्हणजे राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरण्याऐवजी मतपत्रिकेवर ठरू लागला, आणि कित्येकदा दोन कौलांनी दोन निरनिराळे विजेते जाहीर केले! १९९८ मध्ये दोन्हींची सांगड घालून, त्यांत गणकयंत्रांच्या क्रमवारीची भर टाकून, पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना ठरविण्याची पद्धत निघाली. २००३ च्या हंगामात सदर्न कॅलिफोर्निया हा संघ दोन्ही कौलांत पहिला असूनही त्याच पद्धतीने अंतिम सामन्याबाहेर राहिला. त्या सामन्यात लुइझियाना स्टेटने ओक्लाहोमास हरविले, आणि पत्रकारांनी मात्र आपला मान सदर्न कॅलिफोर्नियासच दिला. पुढच्याच हंगामात ऑबर्नचा संघ अपराजित राहूनही अंतिम सामन्यास मुकला. त्यानंतर असोसिएटेड प्रेसने आपला कौल या पद्धतीसाठी वापरू देण्याचेच नाकारले.

अखेर २०१४ मध्ये तेरा सदस्यांची निवड समिती आली आणि चार संघांची बाद फेरी सुरू झाली. यंत्रापेक्षा जाणती माणसे बरी, असा यामागील विचार होता. तो सर्वस्वी चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जाणत्या माणसांच्या हाती कसोटी न देता केवळ अधिकार दिला, तर काय होते, हे २०२३ च्या डिसेंबरात साऱ्यांनी पाहिले.

त्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले आणि आपल्या गटाचे विजेतेपद पटकाविले. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाच्या साऱ्या चढाईचा सूत्रधार. तो गेल्यानंतरही उरलेले दोन्ही महत्त्वाचे सामने संघाने जिंकले. तरीही समितीने एकेक पराभव पत्करलेल्या टेक्सास आणि अलाबामा यांस आत घेतले आणि या अपराजित संघास दार बंद केले. मोठ्या गटाचा अपराजित विजेता चौघांतून वगळला जाण्याचा त्या पद्धतीतील तो पहिलाच प्रसंग. महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसल्यास त्याचा विचार करण्याची मुभा समितीच्या नियमांतच होती, असे समर्थन करण्यात आले.

समर्थन नियमास धरून असेल. पण ते न्यायास धरून आहे काय? या मुभेचा अर्थ असा की, संघाने काय केले यापेक्षा तो पुढे काय करील याचा अंदाज श्रेष्ठ मानावयाचा. आणि हा अंदाज किती भरवशाचा, याचा दाखला याच समितीच्या पहिल्या वर्षात सापडतो. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक एकापाठोपाठ जायबंदी झाले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स मैदानात उतरला. त्याच्यासह संघाने गटाचा अंतिम सामना ५९-० असा जिंकला, समितीने त्यास चौथे स्थान दिले, आणि त्याच संघाने अलाबामास ४२-३५ व ओरेगॉनला ४२-२० असे नमवून अजिंक्यपद मिळविले! ओहायोस जी संधी मिळाली ती फ्लोरिडास का मिळू नये? पुढे ऑरेंज बाउल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडविला, याकडे काहीजण बोट दाखवितात. पण अजिंक्यपदाची आशाच हिरावली गेल्यावर त्या संघातील अनेक प्रमुख खेळाडू तो सामना खेळलेच नाहीत. आधी पाय कापावयाचा आणि मग लंगडतो म्हणून हसावयाचे, असा हा प्रकार आहे.

२०२४ पासून संघांची संख्या बारा झाली. सर्वोच्च क्रमवारीच्या पाच गटविजेत्यांस हक्काची जागा आणि उरलेल्या सात जागा समितीच्या निवडीने, अशी ही योजना. हे पाऊल योग्य दिशेचे होते, यात संशय नाही. पण संख्या वाढविल्याने वाद मिटत नाही. तो चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून दहाव्या-अकराव्या क्रमांकावर सरकतो इतकेच. २०२५ च्या हंगामात याची प्रचीती आली. मायामी आणि नोत्र दाम या दोघांच्याही खाती दहा विजय व दोन पराभव होते. हंगामाच्या आरंभीच या दोघांची गाठ पडून मायामीने २७-२४ असा विजय मिळविला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? परंतु समितीने आठवड्यामागून आठवडे नोत्र दामलाच वर ठेवले. अखेरच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नसताना मायामी एकाएकी वर गेला आणि नोत्र दाम अकराव्या स्थानी जाऊन स्पर्धेबाहेर पडला. मधला संघ खाली घसरल्यामुळे हे दोघे शेजारी आले आणि म्हणून आता त्यांच्या परस्पर सामन्याचा विचार केला, असा खुलासा झाला.

अंतिम निर्णय आमच्या मते बरोबरच होता. मायामीने पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारून तो सार्थही ठरविला. पण योग्य निर्णयही चुकीच्या वाटेने आला की त्याचे पुण्य नाहीसे होते. जो निकाल ऑगस्टअखेर लागला होता, त्याचे वजन डिसेंबरात प्रथमच कळावे, हे कसले मोजमाप? दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर क्रमवारीचा सोहळा मांडून नोत्र दामच्या खेळाडूंस आशेवर ठेवले कोणी? त्यांचा राग अनाठायी होता असे म्हणवत नाही.

याच वेळी दुसरी एक ओरड ऐकू आली. टुलेन आणि जेम्स मॅडिसन या लहान गटांच्या विजेत्यांस हक्काच्या जागा मिळाल्या आणि दोघेही पहिल्याच फेरीत हरले. तेव्हा अशांस जागा कशाला, असा सवाल बड्या गटांचे कैवारी करू लागले. त्यांनी आकडे नीट पाहावेत. जेम्स मॅडिसन ५१-३४ असा हरला आणि टुलेन ४१-१० असा. आणि गटाचा अंतिम सामना जॉर्जियाकडून २८-७ असा गमावूनही नवव्या स्थानी कायम राहिलेला, नामांकित घराण्याचा अलाबामा? इंडियानाने त्याचा ३८-३ असा फडशा पाडला! मानहानीचे मोजमाप करावयाचे तर थोरामोठ्यांनीही त्याच तराजूत बसले पाहिजे. आणि हा इंडियाना तरी कोण? दीर्घकाळ पराभवांसाठीच ओळखला गेलेला संघ. तोच २०२५ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने जिंकून, अंतिम सामन्यात मायामीस २७-२१ असे हरवून, अजिंक्य ठरला. नावावरून बळ जोखणाऱ्यांस यापेक्षा चोख उत्तर ते कोणते?

म्हणूनच बिग टेन गटाने २०२५ मध्ये पुढे केलेली योजना आम्हांस घातक वाटते. आपणांस व साउथईस्टर्न गटास प्रत्येकी चार जागा आधीच राखून ठेवाव्यात, अटलांटिक कोस्ट व बिग ट्वेल्व्ह या दोघांस दोन-दोन द्याव्यात, असा तिचा रोख होता. नियम आधी ठरावा हे आमचेच म्हणणे. पण नियम खेळासंबंधी असावा, कुळासंबंधी नव्हे. विजेत्यास जागा देणे हा कर्तृत्वाचा मान आहे. एखाद्या गटातील चौथ्या संघास केवळ त्या गटाचा म्हणून जागा देणे ही वतनदारी आहे. बळी तो कान पिळी, हा न्याय विद्यापीठांनी तरी शिकवू नये.

मग करावे काय? आमच्या दृष्टीने मार्ग सरळ आहे. गटविजेत्यांच्या जागा अबाधित ठेवाव्यात. उरलेल्या जागांसाठी कसोट्यांचा क्रम हंगामापूर्वीच जाहीर करावा: गुणसंख्या जवळपास सारखी असलेल्या संघांत आधी परस्पर सामना, मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, मग प्रतिस्पर्ध्यांचे बळ. जायबंदी खेळाडूवरून भविष्य वर्तविण्याची मुभा काढून टाकावी. आठवड्याच्या क्रमवारीचा तमाशा बंद करावा. आणि प्रत्येक सदस्याचे मत व त्यामागील कारण प्रसिद्ध करावे.

यावर असे म्हटले जाईल की, उघड मतदानाने सदस्यांवर दडपण येईल. येईल, हे खरे. पण उघडेपणाचा लाभ काय, हे याच खेळाच्या इतिहासात नमूद आहे. जुन्या पद्धतीतील सहा गणकयंत्रीय क्रमवाऱ्यांपैकी कोली यांची तेवढी संपूर्णपणे खुली होती. २०१० मध्ये तिच्यात एका सामन्याचा निकाल नोंदवावयाचा राहून गेल्याचे एका बाहेरच्या अभ्यासकाच्या ध्यानी आले, आणि चूक दुरुस्त होताच दहाव्या स्थानावरील लुइझियाना स्टेट व अकराव्या स्थानावरील बॉइझी स्टेट यांची अदलाबदल झाली. चूक सापडली ती गणित उघडे होते म्हणून. झाकलेल्या गणितांत किती चुका राहून गेल्या, हे कोणी सांगावे?

समितीतील माणसे अप्रामाणिक आहेत, असा आमचा मुळीच आरोप नाही. आपल्या संस्थेचा विषय निघाला म्हणजे संबंधित सदस्याने मतदान न करण्याचा दंडकही तेथे आहे. परंतु प्रामाणिक माणसालाही लिखित कसोटीचा आधार लागतो. तो नसला म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवण्यास हरलेल्या पक्षाजवळ काहीच कारण उरत नाही. निवड कोणाची तरी व्हावयाची आणि कोणी तरी वगळला जावयाचा, हे अटळच आहे. वगळल्या गेलेल्या अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूस आपण कोणत्या सामन्यात, कोणत्या कसोटीवर कमी पडलो, हे तरी नेमके कळले पाहिजे. ते कळले तर तो पुढच्या हंगामाच्या तयारीस लागेल. न कळले तर त्याच्या मनात एकच शिकवण रुजेल: जिंकण्यापेक्षा मर्जीत असणे बरे. ती शिकवण कोणत्याही विद्यापीठास शोभणारी नाही.